अंटार्क्टिकातला यूव्ही रोज मोजला जातो, मग जुन्नर-आंबेगावच्या शेतातला का नको?

मार्च उजाडला की गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. इक्विनॉक्समुळे पुढचे काही दिवस भयंकर ऊन पडणार आहे, दुपारी घराबाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या आणि हा मेसेज दहा जणांना पाठवा. दर वर्षी तोच मेसेज, फक्त तारीख बदललेली. लोक वाचतात, पुढे ढकलतात आणि कांदा काढायला निघून जातात.

हल्ली त्याच फोनवर आणखी एक गोष्ट दिसायला लागली आहे. हवामानाचं अ‍ॅप उघडलं की तापमानाच्या खाली एक लहानसा चौकोन असतो. त्यात लिहिलेलं असतं ‘यूव्ही ११’ किंवा ‘यूव्ही १२’ आणि शेजारी जांभळा रंग. नारायणगाव टाका, मंचर टाका, घोडेगाव टाका. एप्रिल-मे महिन्यात निरभ्र दिवस असेल तर दुपारचा आकडा साधारण याच घरात असतो.

व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज खोटा आहे. जांभळा चौकोन मात्र खरा आहे. गंमत अशी की लोक मेसेजला घाबरतात आणि चौकोनाकडे बघतही नाहीत.

हा आकडा नेमका कसला? तो कोण मोजतं? आणि पृथ्वीच्या तळाशी, जिथे माणसांची वस्ती जवळपास नाहीच, त्या अंटार्क्टिकात तो इतक्या जिवापाड का मोजला जातो? एकेक करून बघू.

यूव्ही इंडेक्स म्हणजे काय?

सूर्याच्या प्रकाशात डोळ्यांना दिसणारा भाग असतो, उष्णता म्हणून जाणवणारा भाग असतो आणि एक भाग असा असतो की जो दिसतही नाही आणि जाणवतही नाही. तो म्हणजे अतिनील किरण, म्हणजेच अल्ट्राव्हायोलेट, म्हणजेच यूव्ही. त्याचे तीन प्रकार आहेत. यूव्ही-सी हवेतच अडतो, जमिनीपर्यंत पोचत नाही. यूव्ही-बी बराचसा ओझोनच्या थरात अडतो, थोडा खाली येतो. यूव्ही-ए जवळपास सगळा खाली येतो.

यातला यूव्ही-बी महत्त्वाचा. कातडी भाजते ती मुख्यतः त्याच्यामुळे. डोळ्यांना त्रास होतो तोही त्याच्यामुळे. आणि शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं तेही त्याच्याचमुळे. म्हणजे तो सरळसरळ शत्रू नाही. प्रश्न मात्रेचा आहे.

ही मात्रा लोकांना एका आकड्यात कळावी म्हणून यूव्ही इंडेक्स आला. सुरुवात १९९२ मध्ये कॅनडाने केली, मग जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक हवामान संघटनेने तो सगळ्या जगासाठी स्वीकारला. ० ते २ कमी, ३ ते ५ मध्यम, ६ आणि ७ जास्त, ८ ते १० खूप जास्त, ११ आणि त्यापुढे अतितीव्र. जांभळा रंग त्या शेवटच्या पायरीचा.

आता यातलं गणित बघा. इंडेक्सचा १ म्हणजे एका चौरस मीटरवर २५ मिलिवॅट, तेही कातडीवर होणाऱ्या परिणामाच्या हिशेबाने. म्हणजे इंडेक्स ११ असेल तर हा आकडा होतो साधारण पाव वॅट. त्याच वेळी त्याच जागेवर सूर्याची एकूण ऊर्जा पडत असते हजार वॅटच्या आसपास. हजारात पाव! थर्मामीटरला हा पाव वॅट कळत नाही. तुमच्या कातडीलाही त्या क्षणी कळत नाही. कळतो तो संध्याकाळी, मानेची आग व्हायला लागल्यावर. नाहीतर तीस वर्षांनी, डोळ्यांत मोतीबिंदू आल्यावर.

म्हणून यूव्ही मोजावाच लागतो. अंदाजाने तो कळत नाही.

ध्रुवावर मोजायला सुरुवात का झाली?

अंटार्क्टिकात हॅली नावाचं ब्रिटिशांचं केंद्र आहे. तिथे १९५० च्या दशकापासून डॉबसन नावाच्या यंत्राने डोक्यावरचा ओझोन मोजला जात होता. हे यंत्र करतं काय, तर सूर्यप्रकाशातल्या यूव्हीच्या दोन जवळजवळच्या लहरी घेतं. एक ओझोनमध्ये जास्त अडणारी, दुसरी कमी अडणारी. दोन्हींच्या फरकावरून वर किती ओझोन आहे ते काढतं.

ओझोन मोजायचं एकक त्याच शास्त्रज्ञाच्या नावाने, डॉबसन युनिट. डोक्यावरचा सगळा ओझोन खाली आणून जमिनीवर पसरला, तर ३०० युनिटचा थर फक्त ३ मिलिमीटर जाड होईल. आपल्यात आणि यूव्हीत आडवं येणारं पांघरूण एवढंच.

१९८५ च्या मे महिन्यात जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन या तिघांनी ‘नेचर’ मध्ये जाहीर केलं की हॅलीवर ऑक्टोबर महिन्यातला ओझोन ३०० च्या आसपासून घसरत २०० च्या खाली आला आहे. हेच ते ओझोनचं भोक. अमेरिकेचा उपग्रहही वरून मोजत होता, पण इतके कमी आकडे शंकास्पद म्हणून त्याच्या प्रोग्रॅमने बाजूला काढून ठेवले होते. थंडीत कुडकुडत एकाच जागी वर्षानुवर्षं मोजणाऱ्या माणसांचा आकडा आधी जगासमोर आला.

मग पुढचा प्रश्न आला. पांघरूण फाटलं हे कळलं, पण खाली जमिनीवर नक्की किती यूव्ही पोचतोय? त्यासाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेने दक्षिण ध्रुव, मॅकमर्डो, पामर अशा अंटार्क्टिकातल्या केंद्रांवर आणि पुढे तिकडे उत्तरेला अलास्कातही यूव्ही मोजणारी यंत्रं बसवली. तुलनेसाठी एक यंत्र कॅलिफोर्नियातल्या उन्हाळ्या सॅन डिएगो शहरात ठेवलं.

निकाल काय आला? पामर केंद्रावर १४ च्या वर यूव्ही इंडेक्स नोंदवला गेला. सॅन डिएगोचा सगळ्यात मोठा आकडा १२ च्या आसपास राहिला. बर्फातल्या केंद्राने समुद्रकिनाऱ्यावरच्या शहराला मागे टाकलं!

तिथे मोजणं इतकं अवघड का?

यंत्र आणलं, छपरावर ठेवलं आणि आकडा वाचला, इतकं ते सोपं नाही.

पहिली अडचण प्रकाशाचीच. यूव्ही-बीच्या पट्ट्यात थोडंसं पुढे सरकलं की प्रकाशाची तीव्रता हजारो पटींनी घसरते. शेजारच्या तेजस्वी प्रकाशाचा एखादा कण जरी यंत्रात भरकटला तरी आकडा चुकतो.

दुसरी अडचण दिशेची. ध्रुवावर सूर्य खाली, क्षितिजाकडे झुकलेला असतो. त्यामुळे यूव्हीचा मोठा हिस्सा सूर्यातून सरळ येतच नाही, तो विखरून आकाशाच्या निळ्या घुमटातून येतो. म्हणजे यंत्राला सूर्य आणि सगळं आकाश असं दोन्ही एकदम मोजावं लागतं, अगदी कडेने तिरकं येणारं किरणसुद्धा. यात शेतकऱ्यासाठीही एक धडा आहे. तुम्ही झाडाच्या सावलीत बसलात आणि आजूबाजूला आकाश मोकळं असेल, तर बराचसा यूव्ही तिथेही येतो.

तिसरी अडचण बर्फाची. ताजं बर्फ पडलेल्या यूव्हीपैकी ८० टक्के किंवा त्याहून जास्त परत फेकतं. वर ढग असतील तर ते पुन्हा खाली फेकतात. किरणांचा असा चेंडूसारखा खेळ सुरू होतो. शिवाय यंत्राच्या काचेवर दव गोठतं, हिमवादळ होतं, आणि हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही.

चौथी अडचण सगळ्यात चिवट. यूव्ही मोजणारं यंत्र यूव्हीमुळेच हळूहळू खराब होतं. म्हणून ठरावीक दिवसांनी त्याच्यासमोर प्रमाणित दिवा लावून ते तपासावं लागतं. बाजारातला वजनकाटा जसा दर वर्षी तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो, तसंच. शिक्का नसलेल्या काट्यावर तुम्ही टोमॅटोचं क्रेट ठेवाल का?

यात पुणे कुठून आलं?

इथे पुणेकरांना माहीत असायला हवी अशी एक गोष्ट आहे. भारतात सूर्यकिरण आणि ओझोन मोजायच्या कामाचं एक मोठं केंद्र पुणंच आहे.

ॲना मणी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. केरळात जन्मलेल्या या शास्त्रज्ञ १९४८ मध्ये पुण्यात भारतीय हवामान विभागात रुजू झाल्या. परदेशातून यंत्रं विकत आणण्यापेक्षा ती इथेच बनवायची, हा त्यांचा हट्ट. देशभर सूर्यकिरण मोजणारी केंद्रं उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. १९६० च्या दशकात त्यांच्या काळात पुण्यात ओझोनसाँड तयार झालं. फुग्याला बांधून वर सोडायचं आणि कुठल्या उंचीवर किती ओझोन आहे ते कळवणारं हे यंत्र. सी. आर. श्रीधरन यांनी त्यावर मुख्य काम केलं.

पुढे भारत अंटार्क्टिकात गेला. पहिली मोहीम गोव्याहून डिसेंबर १९८१ मध्ये निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये बर्फावर उतरली. मग दक्षिण गंगोत्री हे केंद्र झालं, त्यानंतर मैत्री, आणि २०१२ मध्ये भारती. हवामान विभागाने तिथे भारतीय बनावटीची ओझोनसाँड सोडली. मैत्रीवर ब्रूअर नावाचं यंत्रही बसवलं, जे ओझोन आणि यूव्ही-बी दोन्ही मोजतं.

म्हणजे पृथ्वीच्या टोकावर यूव्ही कसा मोजायचा याची विद्या नारायणगावपासून एसटीने दोन-अडीच तासांच्या अंतरावर आहे. सूर्यकिरण मोजणारी यंत्रं तपासून देणारी हवामान विभागाची प्रयोगशाळाही पुण्यातच आहे.

आणि नारायणगावच्या शेजारी खोडदला काय आहे? जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या. अब्जावधी प्रकाशवर्षांवरून आलेली क्षीण लहर तिथे मोजली जाते. त्याच शिवारात खुरपणाऱ्या बाईच्या पाठीवर पडणारा यूव्ही मात्र फोनवरच्या एका अंदाजावर सोडलेला आहे.

कारण तुमच्या अ‍ॅपवर दिसणारा आकडा गावात मोजलेला नसतो. सूर्याची उंची, उपग्रहाने दिलेला ओझोन आणि ढगांचा अंदाज यांचं गणित करून तो काढलेला असतो. चुकीचा नसतो, पण स्थानिक धूळ, धुकं, काढणीनंतरचा धूर, घाटमाथ्यावरचे ढग हे सगळं त्यात नीट उतरतंच असं नाही.

मैत्रीवरचा सूर्य आणि जुन्नरचा सूर्य

आता एक साधी तुलना करू. यासाठी शाळेतला भूगोल पुरतो.

मैत्री केंद्र दक्षिणेला जवळपास ७१ अंशांवर आहे. तिथल्या भर उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबरमध्ये, भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४३ अंश वर चढतो. हा तिथला वर्षातला सगळ्यात उंच सूर्य.

जुन्नर उत्तरेला १९ अंशांच्या थोडं वर आहे. इथल्या भर हिवाळ्यात, म्हणजे त्याच डिसेंबरमध्ये, भर दुपारी सूर्य साधारण ४७ अंशांवर असतो. हा इथला वर्षातला दुपारचा सगळ्यात खालचा सूर्य.

म्हणजे अंटार्क्टिकातल्या मैत्रीच्या उन्हाळ्यापेक्षा शिवनेरीच्या पायथ्याचा हिवाळाही वरचढ! आणि मे महिन्याच्या मध्याला, १६ तारखेच्या आसपास, जुन्नरमध्ये सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या दुपारी उभ्या काठीची सावली पडत नाही. यालाच शून्य सावली दिवस म्हणतात.

सूर्य जितका वर, तितका किरणांचा हवेतून आणि ओझोनमधून जाणारा रस्ता छोटा आणि तितका यूव्ही जास्त. त्यात भर म्हणजे आपल्या उष्ण कटिबंधावरचं ओझोनचं पांघरूण मुळातच थोडं पातळ असतं. इथे भोक पडलेलं नाही, निसर्गतःच ते तसं आहे. शिवाय उंची. दर हजार मीटरला यूव्ही साधारण १० ते १२ टक्क्यांनी वाढतो. म्हणून भीमाशंकरला किंवा नाणेघाटात वारा गार लागला तरी यूव्ही मंचरपेक्षा कमी असेलच असं नाही.

पामरचा १४ च्या वरचा आकडा जगभर गाजला, कारण तिथे तो अपेक्षित नव्हता. ओझोनचं भोक वर असताना, बर्फाची साथ मिळाली तेव्हा तो आला. जुन्नर-आंबेगावात ११-१२ हा आकडा येतो तो कुठलंही भोक नसताना, दर वर्षी, आठवडेच्या आठवडे. आणि तिथे छपरावर यंत्र असतं, केंद्रात मोजकी माणसं असतात, डोळ्यांना गॉगल असतो. इथे शेतात हजारो माणसं असतात.

म्हणून या विषयाला बातमीचं मूल्य आहे. ध्रुवावरची बातमी अनपेक्षित असल्यामुळे छापून येते. इथली रोजची आहे म्हणून येत नाही.

दहाचं ऊन आणि चारचं ऊन

उन्हाळ्यात सरकारी सूचना येतात की दुपारी बारा ते चार उन्हात जाऊ नका. उष्माघातासाठी ही सूचना बरोबर आहे. यूव्हीसाठी ती अर्धीच बरोबर आहे.

जुन्नरच्या रेखांशाप्रमाणे मे महिन्यात सूर्य सगळ्यात उंच असतो तो साधारण साडेबाराला. तापमान मात्र सगळ्यात जास्त होतं तीन-चारच्या सुमारास, कारण जमीन तापायला वेळ लागतो. यूव्ही जमीन तापायची वाट बघत नाही. तो सूर्याच्या उंचीबरोबर चढतो आणि उतरतो.

आता हिशेब करा. सकाळी दहा म्हणजे साडेबाराच्या अडीच तास आधी. दुपारी चार म्हणजे साडेबाराच्या साडेतीन तास नंतर. म्हणजे निरभ्र दिवशी सकाळी दहाचा यूव्ही दुपारी चारच्या यूव्हीपेक्षा जास्त असतो, आणि थोडाथोडका नाही, चांगला दीडपट. पण दहाला वारा असतो, घाम कमी येतो, म्हणून आपण म्हणतो, ऊन अजून कोवळं आहे. ऊन कोवळं नसतं, हवा गार असते.

यूव्हीला तापमानाशी देणंघेणं नाही, याचं सगळ्यात ठळक उदाहरण केरळातलं आहे.

केरळने काय केलं?

केरळच्या राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने राज्यात १४ ठिकाणी यूव्ही मीटर बसवले आणि २०२५ च्या उन्हाळ्यात रोजचे आकडे जाहीर करायला सुरुवात केली. ६-७ ला पिवळा इशारा, ८ ते १० ला नारिंगी, ११ आणि पुढे लाल. पावसाचे इशारे देतात तसेच.

आकडे आल्यावर लोकांना धक्का बसला. कारण यादीत वारंवार वर दिसायला लागलं मुन्नार. चहाच्या मळ्यांचं, थंड हवेचं, सुट्टीत फिरायला जायचं मुन्नार! तिथे लाल इशारा. कारण उघड आहे, उंची आणि स्वच्छ हवा. पण मीटर बसेपर्यंत सर्वसामान्य माणसाला ते कोण सांगणार होतं?

महाराष्ट्रात काहीच झालं नाही असं नाही. पुण्यातल्या आयआयटीएम या संस्थेच्या ‘सफर’ प्रकल्पात हवेच्या गुणवत्तेबरोबर यूव्ही इंडेक्सही देण्यात आला. पण तो शहरांसाठी. उन्हात सगळ्यात जास्त वेळ उभा असणारा माणूस शहरात नाही, शिवारात आहे.

मग लोक भर उन्हात काम का करतात?

इथे बाहेरून सल्ला देणारे नेहमी फसतात. सल्ला सोपा असतो, सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा काम करा, मधली वेळ सोडा.

जुन्नर-आंबेगावात हा सल्ला देऊन बघा. लोक एकच शब्द उच्चारतील. बिबट्या.

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके मिळून जुन्नर वन विभाग होतो. बिबट्या आणि माणूस यांच्यातला संघर्ष महाराष्ट्रात सगळ्यात तीव्र कुठे आहे, तर तो इथे. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र उभं राहिलं ते त्यामुळेच. कुकडीच्या पाण्यावर ऊस वाढला, उसात बिबट्या राहिला, आणि अंधारात, पहाटे किंवा तिन्हीसांजेला शेतात जाणं जिवावरचं झालं. रात्रीऐवजी दिवसा शेतीपंपाला वीज द्या, ही इथल्या शेतकऱ्यांची मागणी याच भीतीतून आलेली आहे.

म्हणजे पहाट आणि संध्याकाळ बिबट्याची, दुपार यूव्हीची. मजुरीला गेलेल्या बाईला उरतं ते नऊ ते पाच. उन्हाळी कांद्याची काढणी मार्च ते मे, उन्हाळी टोमॅटोची तोडणी एप्रिलपासून पुढे. शून्य सावलीचा दिवस नेमका याच हंगामात.

म्हणून वेळ बदला असं सांगून भागणार नाही. सावली शेतात न्यावी लागेल, आणि ती कधी न्यायची ते कळण्यासाठी आकडा लागेल.

प्लास्टिक जपलं, माणसाचं काय?

यूव्ही हा शब्द इथल्या शेतकऱ्याला नवा नाही. नारायणगावच्या किंवा मंचरच्या दुकानात पॉलिहाऊसचा कागद घ्यायला जा. दुकानदार आधी मायक्रॉन सांगतो आणि लगेच म्हणतो, यूव्ही स्टॅबिलाइज्ड आहे. शेडनेटचं तेच. ठिबकची नळी काळी का असते? तिच्यात घातलेला कार्बन ब्लॅक यूव्ही शोषून घेतो म्हणून. नाहीतर दोन-तीन उन्हाळ्यांत ती तडकेल.

म्हणजे प्लास्टिक उन्हात किती टिकेल याचा हिशेब प्रत्येक शेतकरी करतो. डोळे किती टिकतील याचा कुणी करत नाही.

सावळ्या कातडीला मेलॅनिनचं थोडं संरक्षण असतं, त्यामुळे गोऱ्या देशांइतका कातडीचा कर्करोग आपल्याकडे दिसत नाही. याबाबतीत घाबरवणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवायची गरज नाही. पण डोळ्याच्या भिंगाला असं संरक्षण नाही. मोतीबिंदूने येणाऱ्या अंधत्वापैकी १० टक्क्यांपर्यंत वाटा यूव्हीचा असू शकतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. डोळ्यात मांस वाढणं हा उन्हात काम करणाऱ्यांना होणारा त्रासही यूव्हीशी जोडलेला आहे. गावातल्या मोतीबिंदू शिबिरात रांगेत बसलेल्या माणसांना विचारा, आयुष्य कुठे गेलं? उत्तर बहुतेक वेळा एकच येईल, शेतात.

करता काय येईल?

पहिली गोष्ट, मीटर. नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे, मंचरला बाजार समिती आहे, घोडेगावला तालुक्याची कचेरी आहे. घाटाकडे एक आणि पूर्वेच्या पठारावर एक, अशी दोन-तीन ठिकाणं निवडली तरी पुरेत. बाजारभावाचा फलक असतो तसाच यूव्हीचा फलक.

दुसरी गोष्ट, मीटरची तपासणी. ध्रुवावरच्या चाळीस वर्षांचा धडा हाच आहे की यंत्र बसवणं हे काम सोपं, ते खरं बोलत राहील हे बघणं अवघड. पहिल्या दिवशी फीत कापायची आणि तिसऱ्या वर्षी काचेवर कबुतरं बसलेली, असं झालं तर तो आकडा नसलेलाच बरा. तपासणीची सोय पुण्यात आहे, दरवर्षीचा खर्च अंदाजपत्रकात धरावा लागेल.

तिसरी गोष्ट, आकड्याला कृती जोडणं. फलकावर ११ लागला म्हणजे काय करायचं? रोजगार हमीच्या कामावर आणि मोठ्या काढणीच्या टोळीला फिरता शेडनेटचा मांडव, अकरा ते दोन या वेळात निवडणी-प्रतवारीसारखी सावलीतली कामं, आणि उघड्यावरची कामं त्याच्या आधी-नंतर. बिबट्याची वेळ न गाठता एवढं करता येतं. शाळांच्या मैदानी स्पर्धांनाही हेच लागू.

ओझोनचं पांघरूण सुधारत आहे, मग कशाला काळजी, असंही कुणी विचारेल. १९८७ च्या माँट्रियल करारामुळे ओझोन खाणारी रसायनं जगाने बंद केली. २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार अंटार्क्टिकावरचा ओझोन साधारण २०६६ पर्यंत १९८० च्या पातळीवर येईल, बाकीच्या बहुतेक जगात २०४० पर्यंत. ही फार मोठी कमाई आहे. पण जुन्नरवर ओझोन पूर्ण भरला तरी मे महिन्यातला सूर्य डोक्यावरच येणार. इथल्या यूव्हीवर पुढे जास्त परिणाम करतील ढग आणि धूळ. हवा स्वच्छ झाली तर ते चांगलंच, पण मग जमिनीवरचा यूव्ही थोडा वाढेल. तो किती वाढला हे कळायलाही आजपासून मोजायला हवं. हॅलीच्या लोकांनी १९५० च्या दशकात मोजायला सुरुवात केली म्हणून १९८५ ला घसरण दिसली.

मीटर येईपर्यंत

तोवर एक फुकटचा मीटर प्रत्येकाकडे आहे. स्वतःची सावली.

सपाट जमिनीवर उभे राहा. सावली तुमच्यापेक्षा लांब असेल तर यूव्ही तुलनेने कमी. सावली तुमच्यापेक्षा आखूड झाली की समजायचं, आता डोकं आणि डोळे झाकायला हवेत. मे महिन्यात जुन्नर-आंबेगावात सावली साधारण सकाळी सव्वानऊला आखूड होते आणि पावणेचारपर्यंत आखूडच राहते. मैत्री केंद्रावर ती वर्षातून एकदाही आखूड होत नाही.

झाकायचं कशाने? शेतात साडीवर घरधन्याचा जुना लांब बाह्यांचा सदरा घालून काम करणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. कुणी शिकवलं नव्हतं, पण ते अगदी बरोबर आहे. घट्ट विणीचं, गडद, कोरडं कापड यूव्ही जास्त अडवतं. विरळ आणि घामाने ओलं झालेलं पांढरं कापड कमी अडवतं. गांधी टोपीने टाळू झाकली जाते, डोळ्यांवर सावली पडत नाही. त्यासाठी रुंद काठाची टोपी हवी, ती डोळ्यांवर येणारा यूव्ही जवळपास निम्मा करते. पदर कपाळावर पुढे ओढला तरी काही प्रमाणात काम होतं. काळा चष्मा घ्यायचा तर त्यावर यूव्ही ४०० लिहिलेलं आहे का ते बघा. नुसती काळी काच वाईट, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि यूव्ही आणखी आत जातो.

आणि पुढच्या मार्चमध्ये तो इक्विनॉक्सचा मेसेज आला की पुढे ढकलू नका. त्याऐवजी ग्रुपवर दोन ओळी टाका. आज सावली किती वाजता आखूड झाली, आणि आपल्या तालुक्याला यूव्हीचा मीटर कधी मिळणार? दुसरा प्रश्न ग्रामसभेतही विचारता येतो.